वीस महिन्यांची मुलगी, गुडघेदुखीची आजी आणि जपानी बाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार महिन्यांपूर्वी पुण्याहून टोकियोला आलेलं कुटुंब, मुक्काम निशी-कासाईत. मुलगी २० महिन्यांची. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीहून आजी-आजोबा येणार आहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास, आजींचे गुडघे दुखतात. सगळ्यांनी मिळून एक दिवस ‘खऱ्या जपानी बागेत’ घालवायचाय. यादीत रिकुगिएन, कोइशिकावा कोराकुएन, हामारिक्यू आणि शिंजुकु ग्योएन अशी चार नावं आहेत, चारही एकाच दिवसात. शिवाय बाबागाडी चालेल का, खायचं काय, आणि मुलगी रडली किंवा धावत सुटली तर लोक काय म्हणतील, ही काळजी.

चारही खोडा. रागावू नका, कारण सांगते.

मी पुण्याचीच. लँडस्केप शिकायला इथं आले आणि गेली चौदा वर्षं बागांच्या देखभालीच्या कामात आहे. कामाचं नाव भारदस्त वाटतं, पण प्रत्यक्षात दिवसातला निम्मा वेळ उकिडवं बसून शेवाळावरची पानं वेचण्यात जातो. माझा मुलगा आता दहा वर्षांचा आहे. त्याला पहिल्यांदा बागेत नेलं तेव्हा तो तुमच्या मुलीएवढाच होता, आणि ‘आपलंच क्षेत्र आहे’ म्हणून मी इतकी निर्धास्त होते की त्या एका दिवसात करता येतील तेवढ्या सगळ्या चुका करून घरी आले. पुढे जे लिहितेय त्यातलं निम्मं शिक्षणातून आलंय, निम्मं त्या दिवसातून.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जपानी बागा ढोबळमानाने दोन जातीच्या. एक बसून बघायच्या, दुसऱ्या चालत बघायच्या. क्योतोमधलं र्योआनजी हे पहिल्या जातीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण: पांढऱ्या खड्यांचं अंगण, त्यात १५ दगड, आणि ओसरीवर कुठंही बसलात तरी एखादा दगड लपलेलाच राहतो. मोठ्या माणसाला हे गूढ वाटतं. २० महिन्यांच्या मुलीला ते काय दिसेल? वाळूचा हौद. आणि तो असा हौद की आई-बाबा आत उतरू देत नाहीत. याहून मोठा छळ मला तरी सुचत नाही. क्योतोच्याच कात्सुरा प्रासादात तर १२ वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच नाही, तेव्हा तो प्रश्न परस्पर मिटतो. तर मूल लहान असेपर्यंत ‘बसून बघायच्या’ बागा बाजूला ठेवायच्या.

दुसरी जात म्हणजे काइयू-शिकी, फिरस्तीची बाग. मध्ये तळं, त्याभोवती वळणावळणाची वाट. एदो काळातल्या सरदारांनी बांधलेल्या टोकियोतल्या बऱ्याचशा बागा याच घराण्यातल्या. कोइशिकावा कोराकुएनचं काम १६२९ मध्ये सुरू झालं, रिकुगिएन १७०२ मध्ये पूर्ण झाली. या बागांची खुबी अशी की पूर्ण बाग एका जागेवरून कधीच दिसत नाही. टेकडीआड तळं, झाडाआड पूल. चार पावलं टाकलीत की एक पडदा सरकतो, दुसरा पडतो. म्हणजे इथं चालणाऱ्या माणसाचे पायच बघायचं काम करतात, आणि त्या पायांचा वेग किती असावा हे बाग बांधणारा ठरवून ठेवतो.

कसा ठरवतो, ते सांगते. वाटेत मध्येच फरसबंदी संपते आणि सुटे दगड लागतात. त्यांना तोबी-इशी म्हणतात, म्हणजे शब्दशः उडीचे दगड. ते सारख्या अंतरावर नसतात, सारख्या आकाराचेही नसतात. का? तर तुम्ही मान खाली घालावी, पाय बघून टाकावा, चाल मंदावावी. मग मध्येच एक मोठा, ऐसपैस दगड येतो. तिथं पाय आपोआप थांबतात, मान वर होते, आणि नेमकं त्याच जागेवरून बघण्यासारखं काहीतरी मांडलेलं असतं. चहाच्या परंपरेत असं सांगतात की रिक्यू या चहागुरूचा नियम होता सहा भाग चालणं, चार भाग शोभा. त्याच्या शिष्याने, ओरिबेने, तो उलटा केला, चार भाग चालणं, सहा भाग शोभा. आम्ही अजूनही दगड बसवताना यावरून वाद घालतो.

आता तुमच्या मुलीकडे बघा. ती मान खाली घालूनच चालते. दर तीन पावलांना थांबते. प्रत्येक दगड हा तिच्यासाठी स्वतंत्र प्रकल्प असतो. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्यासारख्या घाईच्या लोकांना जे करायला लावण्यासाठी एवढी खटपट केली, ते ती कुणी न सांगता करते. त्यामुळे तिला बाग ‘दाखवायला’ जाऊ नका. तिच्या वेगाने, तिच्या मागून चला. त्या वेगाने दोन तासांत एकच बाग होते. चार होणं शक्यच नाही, दोनही नाही.

तुमच्या यादीत नसलेली बाग सुचवते: कियोसुमी तेइएन. निशी-कासाईहून तोझाई लाइनने चार स्टेशनं, मोन्झेन-नाकाचोला उतरून ओएदो लाइनने पुढचंच स्टेशन, कियोसुमी-शिराकावा. तिथून तीन मिनिटं चालत. बागेचा आकार सुमारे ३.७ हेक्टर. मोठ्यांना एक फेरी मारायला पाऊण तास, तुमच्या मुलीला दोन तास. तिकीट १५० येन, ६५ वर्षांवरच्यांना ७० येन, प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना फुकट. म्हणजे पाच जणांचे मिळून ४४० येन. आजी-आजोबांचे पासपोर्ट सोबत असतीलच, असायलाच हवेत. वय विचारलं तर तेच दाखवा. बाग सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उघडी असते, साडेचारनंतर आत सोडत नाहीत.

हीच का? पहिलं कारण, तिला चिकटूनच पश्चिमेला कियोसुमी पार्क आहे. इथं ‘तेइएन’ आणि ‘कोएन’ हा फरक समजून घ्या, अख्ख्या जपानात कामी येईल. तेइएन म्हणजे बाग: तिथं चेंडू नाही, धावाधाव नाही. कोएन म्हणजे सार्वजनिक उद्यान: तिथं मुलांनी धावायचंच असतं. लहान मुलासोबत नुसत्या तेइएनला जाणं म्हणजे लग्नाला जाऊन फक्त अक्षता टाकून परत येणं. जोडीला कोएन हवंच. कियोसुमीला दोन्ही एका कुंपणाला लागून आहेत, आणि तुमच्या दिवसाचं सगळं गणित त्या एका कुंपणावर सुटतं.

दुसरं कारण, कासवं. तळ्यात कोई मासे आहेत, बगळे येतात, पण खरी गर्दी कासवांची. ऊन पडलं की काठावरच्या दगडांवर ती माना ताणून रांगेत बसतात, एकमेकांच्या पाठीवरसुद्धा. वीस महिन्यांच्या नजरेला लांबचा देखावा दिसत नाही, तिला तीन फुटांवरचं कासव दिसतं. रिकुगिएनमधली, जुन्या कवितांवरून मांडलेली काव्यस्थळं तिला दहावीत दाखवा.

तिसरं कारण माझ्या आवडीचं: दगड. मित्सुबिशीचा संस्थापक इवासाकी यातारो याने १८७८ मध्ये ही जागा घेतली आणि कंपनीच्या जहाजांतून देशभरचे दगड आणवले. सादो बेटाचा तांबडा दगड, इयोचा हिरवट-निळा, किशूचा निळा, प्रत्येकाजवळ नावाची पाटी. आजोबांना पाट्या वाचून दाखवायला कुणीतरी लागेल. फोनवरच्या भाषांतरावर विसंबू नका, दगडांच्या नावांचा ते भलताच अर्थ लावतं. आजोबांना आणखी एक गोष्ट सांगा. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात आजूबाजूचा फुकागावा भाग जळत होता तेव्हा या बागेत शिरलेल्या असंख्य लोकांचे जीव वाचले. त्यानंतर १९२४ मध्ये इवासाकी घराण्याने कमी नुकसान झालेला पूर्वेकडचा अर्धा भाग टोकियो शहराला देऊन टाकला, आणि १९३२ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. ज्या तळ्याकाठी कासवं बघत उभे राहाल, त्याच्याभोवती त्या दिवशी माणसंच माणसं होती. मी दर वेळी तिथं मिनिटभर थांबते.

बाकीच्या चारांविषयी पटकन सांगते. कोइशिकावा कोराकुएन मला स्वतःला सगळ्यात प्रिय, पण तिथल्या काही वाटा उंचसखल दगडांच्या आहेत, आजींच्या गुडघ्यांसाठी नकोच. रिकुगिएन सुंदर, पण लहानग्याला मोकळं सोडायला जवळ काही नाही. शिंजुकु ग्योएनला जरूर जा, पण वेगळ्या दिवशी. ५८ हेक्टरांत जपानी बाग हा एक कोपरा, बाकी भलीमोठी हिरवळ, तिथं चटई टाकून दिवसभर लोळा. ५०० येन तिकीट, सोमवारी बहुधा बंद. हामारिक्यूविषयी शेवटी बोलू, ती मी राखून ठेवलीय.

आता पाणी. इथून पुढचं नीट वाचा.

जपानी बागेतल्या तळ्याला कठडा नसतो. काठ आणि पाणी यांच्यात अडसर दिसू नये, हाच तर सगळा डाव. कियोसुमीत काठाने पाण्यातच मोठमोठे सपाट दगड टाकलेत, त्याला इसोवातारी म्हणतात, म्हणजे सागरकाठच्या खडकांवरून चालल्यासारखी वाट. बागेतली सगळ्यात मजेची जागा हीच आणि सगळ्यात धोक्याचीही हीच. दगड रुंद आहेत, चालता येतं. पण नियम एकच: एका मुलामागे एक मोठं माणूस, ते माणूस पाण्याच्या बाजूला, आणि त्याचा फोन खिशात. फोटो दुसऱ्याने काढायचा. समोरून कुणी आलं तर तुम्ही मोठ्या दगडावर थांबा आणि त्यांना जाऊ द्या. आजींना इसोवातारीवर नेऊ नका. काठाने समांतर वाट आहे, तिथून त्यांना सगळं दिसतं, आणि नात पुढच्या दगडावर गेली की टाळी वाजवायचं महत्त्वाचं काम त्यांच्याकडे राहतं.

हे इतक्या तपशिलाने सांगतेय, कारण माझा मुलगा पडला होता. या बागेत नाही, दुसऱ्या एका. पाणी गुडघाभर, खाली फूटभर गाळ. मी त्याच्या मागे दोन पावलांवर होते आणि नवऱ्याला एका दिव्याचा कोन समजावून सांगत होते. दोन पावलं म्हणजे फार लांब. त्याला काही झालं नाही, पण एक बूट त्या तळ्यात राहिला तो राहिलाच, आणि पुढचा तासभर मी ओले मोजे घालून आणि त्याला माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून रेल्वेत बसले होते. पावसाळी हवा असेल, दगड ओले असतील, तर इसोवातारी सरळ वगळा.

बाबागाडी घरी ठेवा. बागेच्या वाटा बारीक खडीच्या असतात, हलक्या गाडीची पुढची चाकं त्यात रुततात, आणि मग एक माणूस दिवसभर गाडी ओढण्यात खर्ची पडतो. कमरेला पट्टा असलेली पाठीची किंवा पोटाची झोळी घ्या. जाताना मुलगी चालेल, येताना झोळीत झोपेल. स्टेशनपासून बाग इतकी जवळ आहे की गाडीची गरजच नाही.

निघायची वेळ साडेनऊनंतरची ठेवा. निशी-कासाईत चार महिने राहिलात म्हणजे तोझाई लाइनची सकाळ बघितलीच असेल. त्यातही किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा देशातल्या सगळ्यात खच्चून भरणाऱ्या टप्प्यांतला. कोविडच्या आधी, २०१९ साली, तिथं सकाळच्या गर्दीचं प्रमाण क्षमतेच्या १९९ टक्के नोंदलं गेलं होतं. तुम्हाला नेमकं तिथूनच जायचंय. आजींना त्या गर्दीत घालू नका. आठवड्याच्या मधला दिवस निवडा, मंगळवार ते गुरुवार. मे महिन्याचा दुसरा आठवडा तुम्ही नकळत उत्तम निवडलाय: गोल्डन वीकची, म्हणजे एप्रिलअखेरीपासूनच्या जोडून येणाऱ्या सुट्ट्यांची झुंबड ओसरलेली, पावसाळा महिनाभर लांब, मेपलची पालवी कोवळी हिरवी. लोक लाल पानांसाठी नोव्हेंबरात धावतात. आम्ही बागेतली माणसं मे महिन्याची वाट बघतो.

खाण्याचं. बागेत चटई अंथरणं सगळीकडे चालत नाही, शिवाय खाताना मूल उठून पळतं. तेव्हा डबा शेजारच्या कोएनात उघडा. बागेत फक्त पाणी आणि हातात धरून खाता येईल असं काहीतरी, तेही बाकावर बसून. डब्यात काय न्यायचं हे आजी तुम्हाला सांगतीलच, माझं मत तुपातल्या दशम्या आणि गुळाच्या पोळीला. सांडत नाहीत, वास येत नाही, चिकट होत नाहीत. घरी शाकाहार असेल तर कोनबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या ओनिगिरीवर (भाताच्या गोळ्यावर) आंधळा विश्वास ठेवू नका. आत नुसतं उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) असलं तरी चवीला माशाचा अर्क असतो बऱ्याचदा. पाकिटावर ‘कात्सुओ’ या माशाच्या नावाची अक्षरं ओळखायला शिका, आयुष्यभर उपयोगी पडतील. कचरापेटी शोधत बसू नका, ती नाही. पिशवी घेऊन जा, सगळं घरी आणा. आणि डबा उघडा ठेवून वळू नका; इथले कावळे आपल्या कावळ्यांपेक्षा दीडपट आणि दुप्पट हुशार आहेत.

एक सूचना सगळ्यांत वरची: चहाघरात मिळणाऱ्या गोडापैकी मोची किंवा दांगो, म्हणजे तांदळाचे गोळे, मुलीला अजिबात देऊ नका. चिकट असतं, घशात बसतं. जपानात दर नववर्षाला मोची अडकून म्हातारी माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. आजोबांनाही ‘छोटे घास, नीट चावून’ असं सांगा. बागेत भेटलेल्या एखाद्या आजीबाईने प्रेमाने गोळी पुढे केली तर ती घ्यायची, वाकून आभार मानायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायची.

आता माझ्या कामातली एक खास गोष्ट, जी सहसा कुणी पर्यटकांना सांगत नाही. मे-जूनमध्ये कॅमेलियाच्या झुडपांवर, म्हणजे त्सुबाकी आणि साझांकावर, चादोकुगा नावाची सुरवंटं येतात. पानाच्या खालच्या बाजूला पिवळसर रांगेत, ओळीने, शाळेतल्या मुलांसारखी बसलेली. दिसायला मजेशीर, आणि नेमकी तुमच्या मुलीच्या उंचीवर. त्यांचे केस डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, पण लागले की अंगभर पुरळ आणि आठवडाभर खाज. हातच लावायला हवा असंही नाही, वाऱ्यानेही उडतात. चकचकीत गडद हिरवी पानं असलेल्या झुडपांत तिला शिरू देऊ नका. लागलंच तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून केस उचला, मग वाहत्या पाण्याने धुवा, कपडे वेगळे काढून गरम पाण्यात धुवा. खाज-पुरळ वाढलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे. मी स्वतः दोनदा भोगलंय, तिसऱ्यांदा नको.

डासांचंही मेपासून सुरू होतं. औषधांच्या दुकानात ‘इकारिजिन’ असं काताकाना लिपीत लिहिलेला फवारा मागा. त्याला वयाची अट नाही. ‘दीत’वाल्या (DEET) औषधांना लहान मुलांसाठी मर्यादा आहेत, दोन वर्षांखाली दिवसातून एकदाच. फवारा आधी तुमच्या तळव्यावर घ्या, मग तिला लावा. तिच्या हातांना नको, ते तोंडात जातात.

आणि आता तुमचा शेवटचा, खरा प्रश्न. लोक काय म्हणतील.

मी तुम्हाला माझ्या मुलाने केलेला सर्वात मोठा गुन्हा सांगते. बागेत कधीकधी वाटेच्या मधोमध नारळाएवढा गोल दगड दिसतो, काळ्या दोरीने चौफेर बांधलेला, वर गाठीचा छान कान काढलेला. त्याला सेकिमोरी-इशी म्हणतात. अर्थ: इथून पुढे जाऊ नका. कुंपण नाही, पाटी नाही, शिट्टी नाही. एक बांधलेला दगड ठेवला की मोठी माणसं समजतात आणि वळतात. मला तर या देशाचा सगळा स्वभाव त्या एका दगडात दिसतो. पण दीड-पावणेदोन वर्षांच्या माणसाच्या नजरेने बघा. कुणीतरी वाटेत एक पर्स ठेवलीय. धरायला मूठसुद्धा दिलीय.

त्याने ती उचलली. दोन्ही हातांनी, पोट पुढे काढून, माझ्याकडे घेऊन आला. मी एव्हाना त्या क्षेत्रात पाच वर्षं काम करत होते, माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. लांबून एक वयस्कर माळी आले. त्यांनी उकिडवं बसून दोन्ही हात पुढे केले. मुलाने दगड त्यांच्या हातात दिला. त्यांनी ‘अरिगातो गोझाइमासु’ म्हणून मान तुकवली, दगड जागेवर नेला, फिरवून फिरवून गाठ नेमकी पूर्वीच्या दिशेला आणली, आणि मग मुलाला बोलावून दाखवलं. मुलाने मान तुकवली. तो त्याचा पहिला वाकून नमस्कार. नंतर तीन महिने तो घरातली प्रत्येक वस्तू मला दोन्ही हातांनी आणून देत होता.

तर लोक काय म्हणतात, त्याचं उत्तर हे. मूल चुकलं म्हणून इथं सहसा कुणी भुवई उंचावत नाही. आई-बाप बघत बसले तर मात्र उंचावतात, आणि तोंडाने कुणीच काही बोलत नाही, हे जास्त लागतं. मुलगी रडायला लागली की तिला उचला, वाटेच्या कडेला व्हा, जवळच्या माणसाकडे बघून हलकेच मान तुकवून ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणा. एवढं केलंत की दहातल्या नऊ वेळा समोरून ‘काय गोड आहे’ आणि ‘किती वर्षांची?’ येतं. तिला एक बोट वर करायला शिकवून ठेवा, सगळी बाग तुमची.

पाळायच्या गोष्टी तशा थोड्याच आहेत. फुलं, पानं तोडायची नाहीत, खाली पडलेलं एक पान हातात धरायला हरकत नाही. तळ्यात खडे टाकायचे नाहीत. ही अवघड आहे, मला माहितीय, कारण या बागेतच बाशो या कवीच्या, तळ्यात उडी मारणाऱ्या बेडकाच्या हायकूची शिळा आहे आणि माझ्या मुलाने तिच्याजवळ उभं राहून ‘डुबुक’ केलं होतं. आणि शेवाळावर पाय नाही. ही अट सगळ्यात कडक, आणि ती शिष्टाचारामुळे नाही. शेवाळाला मुळं नसतात, बारीक तंतूंनी ते मातीला नुसतं चिकटलेलं असतं. पाय घसरला की गालिच्यासारखं सोलून निघतं, आणि ती जागा भरायला वर्षं लागतात. ते भरणारी माणसं माझ्यासारखी उकिडवं बसलेली असतात, हे लक्षात असू द्या.

रंगीत तालीम करायची असेल तर आजी-आजोबा यायच्या आधी एका रविवारी घराजवळच्या ग्योसेन कोएनला जा, निशी-कासाई स्टेशनहून चालत पंधरा मिनिटं. तिथं हेइसेई तेइएन नावाची छोटी जपानी बाग आहे, फुकट, आणि त्याच आवारात छोटं प्राणिसंग्रहालय, तेही फुकट, सोमवारी बंद. बागेतल्या वाटेवर ती किती वेळ हात धरून चालते ते बघा. दहा मिनिटं चालली तरी पुरे.

कियोसुमीच्या दिवशी दुपारी एक-दीडपर्यंत घरी या. पूर्ण दिवस काढायचा हट्ट नको; वीस महिन्यांच्या माणसाचा दिवस तेवढाच असतो, सत्तरीच्या गुडघ्यांचाही.

आणि हामारिक्यू. ती आजी-आजोबांसाठी राखून ठेवा, दुसऱ्या दिवशी, मुलीशिवाय. तुमच्यापैकी एकाने मुलीसोबत घरी थांबायचं, दुसऱ्याने त्यांना घेऊन जायचं. वाटा सपाट आणि रुंद आहेत. तळ्याचं पाणी समुद्राचं, भरती-ओहोटीबरोबर चढणारं-उतरणारं, दारं उघडून-मिटून सांभाळलेलं. सांगलीच्या माणसाला पाण्याच्या दारांचं वेगळं कौतुक असतं. तळ्यामधल्या चहाघरात बसून माच्चा, म्हणजे घुसळलेला हिरवा चहा घ्या. कडू लागेल, आधी गोड खायचं असतं. येताना तिथूनच बोट पकडून सुमिदा नदीने आसाकुसाला जाता येतं.

आजी बागेत शिरल्या शिरल्या म्हणतील, ‘अगं, हे तर आपल्या पु. ल. देशपांडे उद्यानासारखं!’ हसू नका, त्यांचं बरोबर आहे. सिंहगड रस्त्यावरचं ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएनवरूनच बेतलेलं आहे, आणि ती कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झालेली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. तुमच्या यादीतल्या टोकियोच्या कोराकुएनशी तिची गल्लत करू नका. नाव एक, बागा दोन. ओकायामाला शिनकानसेन या बुलेट ट्रेनने सव्वातीन तास लागतात. मुलगी चार वर्षांची झाली की जा. तिथली हिरवळ ऐसपैस आहे आणि एका खोलीच्या मधून ओढा वाहतो; तो बघून ती काय म्हणते ते मला कळवा.

कियोसुमीच्या दिवशी मात्र मोज्यांचे दोन जोड जास्त घ्या. एक मुलीसाठी, एक तिचा हात धरणाऱ्यासाठी.